दोन लहान दुर्बिणी

माझ्या घरी दुर्बीण आहे असे समजले की येणारा पाहुणा पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की "केवढी मोठी आहे?" मी आतून चामड्याची एक पेटी आणून मेजावर ठेवतो. पेटी उघडली की तबल्याहूनही लहान अशी एक धातूची नळी बाहेर निघते. पाहुण्याचा चेहरा उतरतो. वेधशाळांच्या चित्रांतील तोफेसारख्या दुर्बिणी त्याच्या मनात असतात; त्यांच्यापुढे ही वस्तू म्हणजे मुलांचे खेळणे वाटावे यात नवल नाही. मग मी किंमत सांगतो, आणि चेहरा पुन्हा एकदा बदलतो. या वेळी त्यावर माझ्या शहाणपणाविषयीची शंका उमटलेली असते.

श्रोतेहो, एवढ्याशा वस्तूला एवढे पैसे का पडतात, आणि ते देणारी माणसे तरी का देतात, हे आज मला सांगायचे आहे. अशा दोन दुर्बिणी मी पुष्कळ वर्षे बाळगल्या. त्यांतील एक आता देऊन टाकायची वेळ आली. कोणती द्यावी आणि कोणती ठेवावी याचा विचार करताना दोघींची जी तुलना मनाशी झाली, तीच आपल्यापुढे मांडतो.

दुर्बीण आखूड करण्याचा खटाटोप काही आजचा नव्हे. सतराव्या शतकात भिंगांच्या दुर्बिणी अतोनात लांब असत. काचेच्या भिंगातून जाताना निरनिराळ्या रंगांचे किरण निरनिराळ्या ठिकाणी एकत्र येतात, त्यामुळे तेजस्वी ताऱ्याभोवती रंगीत झालर दिसते. भिंगाचा बाक जितका सौम्य, म्हणजेच दुर्बीण जितकी लांब, तितका हा दोष कमी जाचतो. डान्झिगच्या हेवेलियसने या न्यायाने दीडशे फूट लांबीची दुर्बीण उभारली होती. ती उंच खांबाला दोरखंडांनी टांगावी लागे, आणि जराशी झुळूक आली की सगळे आकाश थरथरू लागे. न्यूटनने १६६८ मध्ये भिंगाच्या जागी आरसा बसवून जी दुर्बीण केली, ती जेमतेम सहा इंच लांब होती. आरसा सर्व रंगांचे किरण एकाच ठिकाणी आणतो. वीतभर नळीतून गुरूचे चंद्र दिसू शकतात, हे न्यूटनने दाखवून दिले.

त्यानंतरची आपल्या विषयापुरती मोठी पायरी १९४१ सालची आहे. दिमित्री मक्सूतोव हे रशियन प्रकाशशास्त्रज्ञ त्या वर्षी युद्धामुळे लेनिनग्राड सोडून पूर्वेकडे निघाले होते. शाळांसाठी स्वस्त आणि टिकाऊ दुर्बीण कशी करावी, हा विचार त्यांच्या डोक्यात घोळत होता. उघड्या नळीत धूळ शिरते, आरशाचा मुलामा खराब होतो. तेव्हा नळीचे तोंड काचेने बंद करावे हे ओघानेच आले. पण काच बसवायचीच, तर ती नुसती सपाट का ठेवावी? तिला वाटीसारखा बाक दिला, तर गोल आरशात जात्याच असणारा दोष तीच काच भरून काढील, हे त्यांच्या ध्यानात आले. जाड, वाटीदार काच आणि तिच्यामागे आरसा अशी ही रचना पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील न्यू होप या गावी लॉरेन्स ब्रेमर यांनी हीच रचना घेऊन १९५४ मध्ये 'क्वेस्टार' नावाची दुर्बीण बाजारात आणली. तिचे तोंड ८९ मिलिमीटर, म्हणजे साडेतीन इंच. तिचे केंद्रांतर सुमारे १३०० मिलिमीटर; परंतु किरण आत पुढे-मागे परावर्तित होत असल्यामुळे हे सगळे अंतर वीतभर नळीत घडी घालून बसवलेले. बाहेरच्या नळकांड्यावर नक्षत्रांचा नकाशा कोरलेला. ते पुढे सरकवले की भिंगाला दवापासून आडोसा होतो, आणि त्याखाली चंद्राचा नकाशा दिसू लागतो. एक लहानशी कळ फिरवली की त्याच नेत्रभिंगातून शोधक दुर्बिणीचे मोठे क्षेत्र दिसते. उलट फिरवली की मुख्य दृश्य. किंमत होती ९९५ डॉलर. त्या वेळच्या विनिमयदराने हे सुमारे पावणेपाच हजार रुपये झाले. शाळकरी मुलांसाठी सुचलेली एक कल्पना अशी जवाहिऱ्याच्या पेढीवर शोभावी अशा वस्तूत जाऊन बसली. आपल्याकडील माणसाने तिचे चित्र पाहावे आणि पान उलटावे, एवढेच त्या काळी शक्य होते. मीही लहानपणी तेच केले.

पुढे तरुणपणी मी स्वतःच आठ इंची आरसा घासला. दोन जाड काचा एकमेकींवर ठेवून, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी घालून, रोज संध्याकाळी तास-दीड तास याप्रमाणे ते काम कित्येक महिने चालले. त्या आरशाची दुर्बीण झाली तेव्हा तिची नळी माझ्याहून उंच होती. तिच्यातून शनी जसा दिसला, तसा तो या दोन महागड्या दुर्बिणींतून मला कधीही दिसलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. आठ इंची आरसा साडेतीन इंचीच्या पाचपट प्रकाश गोळा करतो. सृष्टीच्या या हिशोबावर कारागिरी कितीही उत्तम असली तरी मात करू शकत नाही. परंतु माझी नोकरी बदलीची. पहिल्या बदलीला ती दुर्बीण मालमोटारीतून आली, दुसरीलाही आली; तिसऱ्या वेळी ती साताऱ्याला थोरल्या बंधूंच्या माडीवर गेली आणि तिथेच राहिली. पुढे एकदा पाहिले तेव्हा नळीत चिमण्यांनी घरटे केलेले होते. त्यांना हुसकावून लावण्याचे मला काही कारण उरले नव्हते.

म्हणून १९९३ च्या हिवाळ्यात माझे मेहुणे अमेरिकेहून आले, तेव्हा त्यांच्या मांडीवर ही चामड्याची पेटी होती. दुर्बीण दुसऱ्याने वापरलेली, त्यामुळे स्वस्तात मिळालेली. तरीही माझे सहा महिन्यांचे वेतन तिच्यात गेले. सौ. त्यावर काही बोलली नाही. न बोलण्याचे तिचे निरनिराळे प्रकार मला परिचयाचे आहेत. हा त्यांतला गंभीर प्रकार होता.

आम्ही तेव्हा जबलपूरला होतो. पहिल्याच आठवड्यात कळले की परदेशी वस्तू आपल्या देशात आली म्हणून आपल्या देशाची होत नाही. ताऱ्याच्या मागोमाग दुर्बीण फिरवणारी जी विजेची मोटार तिच्यात होती, ती अमेरिकेतील सेकंदाला ६० आवर्तनांच्या प्रवाहासाठी बेतलेली. आपला प्रवाह ५० आवर्तनांचा. विजेचा दाब कमी करण्यासाठी मी रोहित्र आणले, पण आवर्तने कशी वाढवणार? मोटार सहामागे एक हिस्सा मंद चाले. आकाश एका मिनिटात १५ कला सरकते, मोटार साडेबारा कलाच सरके. तारा मिनिटाला अडीच कला पुढे निघून जाई आणि तीन-चार मिनिटांत दृष्टीआड होई. पुढे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने घटमालेवर चालणारे साठ आवर्तनांचे एक लहान यंत्र करून दिले, तेव्हा हे दुखणे बरे झाले.

दुसरी अडचण अक्षांशाची. तारे ध्रुवाभोवती फिरतात, तेव्हा दुर्बिणीचा आसही ध्रुवाकडे रोखलेला हवा. उत्तरेकडील देशांत ध्रुव आकाशात बराच वर असतो. जबलपूरला तो क्षितिजापासून २३ अंशांवर, हैदराबादला १७, आणि कोचीला तर अवघा १० अंश. जितके दक्षिणेकडे जावे तितका आस आडवा होत जातो, आणि मेजावर तीन लहान पायांवर उभी राहणारी दुर्बीण तोल सोडू पाहते. जबलपूरच्या सुताराकडून मी सागवानाचे एक उतरते आसन करून घेतले. प्रत्येक बदलीनंतर त्याखालची पाचर बदलायची, एवढे केले की काम भागे. ते आसन अजून आहे, आणि त्याच्या बाजूवर पेन्सिलीने चार गावांचे अक्षांश लिहिलेले आहेत.

या दुर्बिणीने मला एका ताऱ्याचा नाद लावला. कन्या राशीत पोरिमा नावाचा एक तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो एकटा दिसतो. वस्तुतः ते दोन अगदी सारखे तारे असून सुमारे १६९ वर्षांत एकमेकांभोवती एक फेरी पुरी करतात. त्यांची कक्षा फार लांबट आहे. कधी ते सहा विकला इतके दूर दिसतात, तर कधी अर्ध्या विकलेपेक्षाही जवळ येतात. अंशाचा साठावा भाग कला आणि कलेचा साठावा भाग विकला. अडीच सेंटिमीटर व्यासाचे नाणे पाच किलोमीटरांवर धरले तर ते एवढे दिसेल. १८३६ मध्ये हे तारे इतके जवळ आले की केप ऑफ गुड होप येथून पाहणाऱ्या जॉन हर्शेलला ते एकच दिसले. १९९३ नंतर मी पाहू लागलो तेव्हा त्यांच्यात अडीच विकलांच्या आसपास अंतर होते, आणि ते वर्षागणिक कमी होत होते. दुर्बिणीच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याने ११६ ला भागले, की ती किती जवळचे दोन तारे वेगळे दाखवील हे विकलांत कळते. ८९ मिलिमीटरांचे उत्तर येते १.३. म्हणजे एक दिवस असा येणार होता की आकाशात ते दोन असतील आणि माझ्या दुर्बिणीत एक. मी एक वही घातली. दरवर्षी वसंतात दोन-तीन निर्मळ रात्री साधून तिच्यात त्या जोडीचे चित्र काढायचे, हा परिपाठ झाला. जबलपूरच्या चित्रांत दोन ठिपक्यांमध्ये स्वच्छ काळी फट आहे. हैदराबादच्या पहिल्या चित्रांत ते एकमेकांना टेकलेले आहेत. नंतरच्यांत एक लांबट ठिपका आहे, आणि मग नुसता ठिपका.

२००५ मध्ये ते सर्वांत जवळ आले तेव्हा आम्ही कोचीला होतो. आता पाहण्यासारखे काही नाही असे म्हणून मी पेटी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. त्या काळात माझा वेळ कशात जाई हे सांगायला संकोच वाटतो. निरनिराळ्या कारखान्यांच्या मूल्यपत्रिका मी जमवीत असे. कोणाचे भिंग किती अचूक घासलेले, कोणाची वाट किती वर्षे पाहावी लागते, याची टिपणे करीत असे. जी दुर्बीण घरात होती तिची तुलना मी घरात नसलेल्या दहा दुर्बिणींशी करीत होतो आणि गच्चीवर जात नव्हतो. दोन पावसाळे असे गेले. तिसऱ्या वर्षी पेटी उघडली तेव्हा चामड्यावर हिरवट लव आलेली होती, आणि पुढच्या वाटीदार काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे बारीक तंतू पसरलेले होते.

दमट हवेत चामडे पाणी धरते; बंद पेटी, अंधार आणि ओल यांहून बुरशीला आणखी काय हवे? ओल शोषणारे सिलिका जेलचे खडे आत ठेवायचे, ते दर महिन्याला तव्यावर भाजून घ्यायचे, किंवा निदान आठवड्यातून एकदा दुर्बीण वाऱ्यावर न्यायची, एवढ्यानेही हे टळले असते. एका जाणत्या कारागिराने काच साफ करून दिली; पण बुरशी काचेच्या पृष्ठभागालाही थोडे खाते. कडेजवळ नखाएवढा एक पुसट डाग राहिला, तो अजून आहे. त्यामुळे दिसण्यात म्हणावा असा फरक पडत नाही. तो डाग माझ्या त्या दोन वर्षांच्या आळसाचा आहे, कारागिराचा नव्हे आणि कारखान्याचाही नव्हे.

त्यानंतर आम्ही नागपूरला आलो. २०११ च्या एप्रिलमध्ये एका रात्री हवा फार शांत होती. मी पोरिमा लावला, पुष्कळ वेळ पाहिला, आणि वहीत लिहिले, "लांबट." सौ. वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर आली होती. मी सहज म्हटले, "जरा बघ." तिने डोळा लावला आणि विचारले, "अहो, हे दोन आहेत ना?" मी पुन्हा पाहिले. दोन होते. मधली फट क्षणभर उघडत होती, क्षणभर मिटत होती. त्या नोंदीखाली तिची सही आहे. अठरा वर्षांपूर्वीच्या त्या सहा महिन्यांच्या वेतनाविषयी त्यानंतर मला अपराधी वाटेनासे झाले.

निवृत्तीनंतर इंदूरला स्थायिक झाल्यावर, २०१४ मध्ये, दुसरी दुर्बीण आली. ही भिंगाची, जपानमधील ताकाहाशी कारखान्याची, ७६ मिलिमीटर तोंडाची आणि हातभर लांबीची. भिंगांच्या रंगीत झालरीचे दुखणे अठराव्या शतकात दोन प्रकारच्या काचा जोडून पुष्कळसे कमी झाले होते. तरी तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळी छटा उरतच असे. फ्ल्युओराइट या स्फटिकात रंग फार कमी फाकतात हे जाणून एर्न्स्ट आबे यांनी एकोणिसाव्या शतकातच तो सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत वापरला होता. परंतु निसर्गात सापडणारे निर्दोष स्फटिक लहान असतात. दुर्बिणीला पुरतील एवढे ते मिळायचे कोठून? कारखान्यात मोठे स्फटिक वाढवण्याची विद्या साधली तेव्हा हा प्रश्न सुटला. १९६९ मध्ये जपानच्या कॅनन कंपनीने असे भिंग छायाचित्रणासाठी विकायला काढले, आणि पुढच्या दशकात ते दुर्बिणींतही आले. या रचनेत जांभळी झालर शोधूनही सापडत नाही, आणि नळी दीड फुटांची असली तरी चालते. किंमत मात्र लाखांच्या घरात जाते. स्फटिक मंदपणे वाढवावा लागतो आणि जपून घासावा लागतो. या दोन्ही गोष्टींना वेळ लागतो आणि कसबी माणसे लागतात.

आता तुलना. ८९ आणि ७६ या आकड्यांकडे पाहिले तर पहिली दुर्बीण सरस ठरावी. पण तिच्या तोंडाच्या मध्यभागी लहान आरसा असतो. त्याचा व्यास तोंडाच्या सुमारे एक तृतीयांश, म्हणून क्षेत्रफळाचा साधारण दहावा हिस्सा झाकला जातो. शिवाय दोन परावर्तनांत थोडा प्रकाश वाया जातो. हा सगळा हिशोब केला की दोघींतून डोळ्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश जवळजवळ सारखाच भरतो. राहिला दर्जा. मधल्या आरशामुळे ताऱ्याच्या ठिपक्यातील काही प्रकाश भोवतीच्या वलयांत सांडतो. गुरूवरचे फिकट पट्टे त्यामुळे थोडे मवाळ दिसतात. भिंगाच्या दुर्बिणीत ते कोरल्यासारखे दिसतात. उलट जवळच्या जोडताऱ्यांत तोंडाचा व्यास कामी येतो. ७६ मिलिमीटरांची मर्यादा दीड विकला. २०११ ची ती रात्र तिला फारच अवघड गेली असती.

मग क्षेत्राचा प्रश्न. कृत्तिकांचा पुंजका दीड अंशाहून थोडा मोठा आहे. लांब केंद्रांतराच्या क्वेस्टारमध्ये एक अंशही पुरता मावत नाही. कृत्तिका तिथे एकेक करून भेटतात. भिंगाच्या दुर्बिणीत सगळ्या एकदम दिसतात, आणि भोवती काळे आकाशही उरते. तिसरी गोष्ट तापमानाची. जाड काचेची बंद नळी घरातून गच्चीवर नेली की तिला बाहेरच्या हवेशी जुळवून घ्यायला बराच वेळ लागतो. थंडीच्या दिवसांत अर्धा-पाऊण तास तरी प्रतिमा खदखदत असते. भिंगाची दुर्बीण पंधरा मिनिटांत शांत होते. परंतु तिला तिवई लागते, तिवईवर आसन लागते, शोधक वेगळा, नेत्रभिंगे वेगळी. क्वेस्टार एका हाताने उचलावी, मेजावर ठेवावी, की झाले.

२१ डिसेंबर २०२० रोजी गुरू आणि शनी यांची महायुती झाली. त्या संध्याकाळी दोघांत फक्त सहा कलांचे अंतर होते. साथीचे दिवस, गच्चीवर आम्ही दोघेच. मी दोन्ही दुर्बिणी शेजारीशेजारी लावल्या, आणि कोणती कुठली हे विसरून काय दिसते तेवढेच सांगायला सौ.ला सांगितले. क्वेस्टारला सुमारे ८० पट वर्धनाला दोन्ही ग्रह, गुरूचे चंद्र आणि शनीचे कडे हे सारे एका वर्तुळात मावले. "इथे दोघे मोठे आहेत," ती म्हणाली. मग दुसरीकडे गेली. "इथे लहान आहेत, पण मागचे आकाश अधिक काळे आहे." माझ्या मूल्यपत्रिकांतील कित्येक पानांचा सारांश तिने दोन वाक्यांत सांगितला. मी विचारले, "चांगली कोणती?" ती म्हणाली, "आधी खाली चला, थंडी पडली आहे."

ज्यांना अशी वस्तू घ्यायची असेल त्यांना दोन कसोट्या सांगून ठेवतो. त्या नावांहून आणि किमतींहून अधिक विश्वासाच्या आहेत. एक तेजस्वी तारा मध्यभागी आणा आणि प्रतिमा मुद्दाम थोडी बिघडवा, आधी आत आणि मग बाहेर. दोन्हीकडे सारखी, गोल, एककेंद्री वलये दिसली तर काच चांगली घासलेली आहे. दुसरी कसोटी पायांची. नळीवर बोटाने हलकी टिचकी मारा आणि तारा स्थिर होईपर्यंत सेकंद मोजा. तीन-चारांहून अधिक मोजावे लागले, तर भिंग रत्नासारखे असले तरी त्याचा उपयोग नाही. आणि वर्धनाचे मोठे आकडे सांगून विकल्या जाणाऱ्या दुर्बिणींच्या वाटेला जाऊ नका. चांगल्या हवेतही मिलिमीटरमागे दोन पटींच्या पलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

तुलनेत जी गोष्ट कोणतीही मूल्यपत्रिका सांगत नाही, ती मला फार उशिरा कळली. २०२३ मध्ये माझ्या उजव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढला आणि तिथे कृत्रिम भिंग बसवले. त्यानंतर हंसातील अल्बिरिओ हा जोडतारा पाहिला. त्यातील एक पिवळा, दुसरा निळा. उजव्या डोळ्याने पाहिला तेव्हा निळा तारा इतका निळा होता की मी दचकलो. डाव्या डोळ्याने तोच तारा मळकट पांढरा दिसला. कित्येक वर्षे मी एका काचेच्या रंगाची दुसऱ्या काचेच्या रंगाशी बारकाईने तुलना करीत होतो, आणि तिसरी काच, माझ्या डोळ्यातली, हळूहळू पिवळी होत होती. माझ्या जुन्या टिपणांतील रंगांच्या सगळ्या नोंदी त्यामुळे संशयास्पद झाल्या.

आणखी एक आहे. लहान तोंडाला मोठे वर्धन लावले की डोळ्यात शिरणारी किरणशलाका अर्ध्या मिलिमीटरची होते, आणि मग म्हाताऱ्या डोळ्यातील तरंगते धागे ग्रहावरून फिरताना दिसतात. क्वेस्टारचा सगळा पराक्रम त्या मोठ्या वर्धनांत आहे, आणि तेच मला आता सोसत नाही. कमी वर्धन, मोठे क्षेत्र, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, हे मला अजून उत्तम दिसते. ज्या दुर्बिणीवर माझा अधिक जीव, तिचा उपयोग मला कमी झाला होता. हे स्वतःशी कबूल करायला मला दीड वर्ष लागले. तोवर ती पेटी पुन्हा कपाटाच्या फळीवर जाऊन बसली होती, आणि या खेपेला सौ.ने ती दोनदा खाली काढून ठेवली.

माझ्या पुतणीची मुलगी नोकरीसाठी बंगळूरला एका खोलीत राहते. खोलीबाहेर हातभर गच्ची आहे, तिवई मावणार नाही, पण मेज मावते. गेल्या दिवाळीला ती आली तेव्हा पेटी तिच्यापुढे ठेवली. तिने पुढची काच उजेडात धरली आणि लगेच विचारले, "आजोबा, हा डाग कसला?" मी कोचीची हकिकत सांगितली, काही न लपवता. सागवानाच्या आसनावर तिने बंगळूरचा अक्षांश, १३, स्वतःच्या हाताने लिहिला. पोरिमाची वहीही मी तिलाच दिली. त्या जोडीत आता तीन विकलांहून अधिक अंतर आहे आणि ते वाढते आहे. २०९० च्या सुमारास ते सर्वाधिक होईल आणि मग पुन्हा कमी होऊ लागेल. पुन्हा एकदा दोघे एक दिसतील ते २१७४ मध्ये. ही फेरी पुरी पाहणे माझ्या वाट्याला नव्हते, तिच्याही नाही.

एप्रिलमध्ये तिने वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवले. वर तारीख, गाव, आणि "हवा मध्यम, खाली रस्त्यावर वाहने" अशी नोंद. त्याखाली पेन्सिलीने काढलेले वर्तुळ, त्यात दोन ठिपके, आणि मध्ये स्वच्छ फट. खाली लिहिले होते: "दोन्ही सारखेच. पाहायला लागलेला वेळ, चाळीस मिनिटे. त्यांतली तीस नळी थंड होण्याची वाट पाहण्यात गेली." सौ.ने ते चष्मा लावून दोनदा वाचले आणि मला म्हणाली, "आता तुमची ती दुसरी काढा बाहेर. आज ढग नाहीत."